परदेशी दत्तकाची तयारी : काय वाचावं, काय पाहावं, कोणत्या क्रमाने

सातारकराला दत्तक हा शब्द शिकवावा लागत नाही. १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेबांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला आणि राज्य खालसा केलं, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. अडचण नेमकी तीच आहे. आपल्या डोक्यातला दत्तक गादीसाठी, वतनासाठी, पिंडाला पाणी द्यायला. माझ्या धाकट्या दिरांनी कॅनडातून फोन करून "आम्ही भारतातून मूल दत्तक घेतोय" म्हटलं, तेव्हा शनिवार पेठेतल्या आमच्या घरात सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "भावकीतलं का नको?"

आम्ही सुरुवात चुकीची केली. मोबाईलवर परदेशी कुटुंबांचे व्हिडिओ पाहत बसलो. विमानतळावर फुगे, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, मागे संगीत. त्यात ते मूल कुणाकडे बघतंय, हे कुणी पाहिलंच नाही. म्हणून तुम्ही क्रम असा ठेवा.

आधी कायदा, आणि तोही मुळातून. 'दत्तक नियमावली २०२२' काराच्या, म्हणजे केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मिळते. सगळी वाचू नका, झोप येईल. पात्रतेच्या अटी, अनिवासी भारतीयांचं प्रकरण आणि वैद्यकीय अहवालाचा नमुना एवढं पेन्सिल घेऊन वाचा. जोडप्याच्या वयांची बेरीज मोजतात : दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ पेक्षा जास्त चालत नाही, चारपर्यंत ९०, आठपर्यंत १००. परदेशात राहणाऱ्याला इथल्या संस्थेत जाऊन मूल निवडता येत नाही. अर्ज तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत किंवा सरकारी प्राधिकरणामार्फत काराकडे येतो. भारताने २००३ साली हेग करार, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक जाणाऱ्या मुलांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, स्वीकारला, त्यामुळे तो मानणारा दुसरा देश असेल तर दोन्हीकडची संमती लागते. दत्तकाचा आदेश सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्याआधीचे लेख वाचताना हा भाग सोडून द्या. सासूबाईंचं उत्तरही इथेच मिळालं. भावकीतलं मूल नोंदणीकृत दत्तकपत्र करून घेतलं, तरी परदेशी न्यायला काराचं ना हरकत प्रमाणपत्र लागतंच.

मग अहवाल वाचायला शिका. मूल सुचवलं गेलं की बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल येतो, आणि होय-नाही सांगायला दिवस मोजके असतात. तेव्हा शिकायला बसलात तर उशीर झाला. आम्ही कोरा नमुना छापून आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेला. त्यांनी वजन, उंची आणि डोक्याचा घेर या तीन ओळींखाली रेघा मारल्या आणि म्हणाले, "एका आकड्यावर घाबरू नका. मागच्या नोंदी मागा, वाढीच्या तक्त्यावर ठिपके टाका आणि रेषा कुठे चाललीय ते बघा." संस्थेत राहिलेलं मूल वयाच्या मानाने लहानखुरं दिसणं नवलाचं नाही, रेषा वर सरकत असेल तर त्याला अर्थ आहे. आमच्या दहा महिन्यांच्या वाचनातला सर्वांत उपयोगी तास तो होता.

आता सिनेमा. 'लायन' (२०१६) बहुतेकांनी पाहिलेला असतो : खांडव्याचा पाच वर्षांचा मुलगा रेल्वेत झोपतो, कोलकात्याला पोचतो, टास्मानियातल्या घरी दत्तक जातो आणि मोठेपणी उपग्रहाच्या नकाशावरून आपलं गाव शोधतो. खरी गोष्ट आहे. पण पुन्हा पाहाल तेव्हा नायकावरची नजर काढा आणि त्याच घरात नंतर आलेल्या दुसऱ्या मुलाकडे बघा. तो येतो आणि स्वतःला मारून घेतो. त्याला काय झालंय ते कुणी समजावत नाही, आणि आई तिथेच थांबते. पालकांनी पाहायचा सिनेमा तो आहे. नायकाचा शोध पाहून "मोठेपणी सोडून गेलं तर?" अशी धास्ती वाटेल. आपल्या नियमांतही मूळ शोधण्याची तरतूद आहे. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. हे जाऊबाईंना आधीच माहीत होतं, म्हणून सिनेमानंतर फक्त सासूबाई रडल्या.

आईवडिलांनी लिहिलेली पुस्तकं नंतर वाचा, दत्तक वाढलेल्या मोठ्या माणसांनी लिहिलेलं आधी. ती मंडळी थोडी कडवट बोलतात. बोलू द्या.

आपलं घरचं कपाटही विसरू नका. 'मृत्युंजय' आमच्याकडे पिवळी पडलेली आहे. वंशाचा प्रश्न बाजूला ठेवून वाचा : कर्णाला खरं कळतं ते उशिरा, दुसऱ्यांच्या तोंडून, युद्धाच्या तोंडावर. मुलाला त्याची गोष्ट पहिल्यापासून घरातूनच सांगायची, हे सासूबाईंना समुपदेशकापेक्षा कर्णाने पटवलं. देवकी-यशोदेची गोष्ट मात्र जपून वापरा. सगळे प्रेमाने तीच सांगतात, पण चुणचुणीत मूल विचारणारच, "मग कृष्ण यशोदेकडे परत का नाही गेला?" उत्तर तयार ठेवा.

आजी-आजोबांना यात ओढायचं तर हातात जाडजूड पुस्तक देऊ नका. आम्ही एका रविवारी सासूबाईंना भिलारला नेलं. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली. बालसाहित्याच्या घरात त्या दोन तास मांडी घालून बसल्या आणि वहीत पुस्तकांची नावं लिहून घेतली. मागच्या पानावर त्यांनी माझ्याकडून न म्हणायचे शब्द उतरवले : 'अनाथ', 'खरे आईबाप', 'पुण्याचं काम केलंत'. आणि एक नियम, जो त्यांना सर्वांत जड गेला : पहिले काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं फक्त आईवडिलांनी. मूल कुणाचं आहे हे त्याला हातांवरून कळतं. तेलाची वाटी नंतर.

शेवटची पायरी भाषेची. मूल दुसऱ्या राज्यातलं असेल तर पाणी, भूक, शू, झोप, दुखतंय एवढे शब्द त्याच्या भाषेत पाठ करा, आणि संस्थेतल्या मावशी त्याला झोपवताना काय म्हणतात ते विचारून घ्या. आमची पुतणी ओडिशाची, साडेचार वर्षांची. पासपोर्ट येईपर्यंत तिघं साताऱ्यात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "भोक." मी भिंतीकडे बघायला लागले. सासूबाईंनी वहीही उघडली नाही. "अगं, भूक लागलीय तिला," म्हणाल्या, मऊभाताची वाटी भरली आणि जाऊबाईंच्या हातात दिली.