जुना क्राफ्टूल ठसा विकत घेताना

आधी दांडा बघा. चामड्यावर नक्षी उठवणाऱ्या अमेरिकी क्राफ्टूल ठशांच्या दांड्यावर नंबर कोरलेला असतो. पुढे अक्षर असेल तर प्रकार कळतो: बी म्हणजे कडा उतरती करणारा बेव्हलर, एक्स म्हणजे टोपलीविणीचा. नुसताच आकडा असेल तर ठसा अक्षरं सुरू होण्यापूर्वीचा, आणि संग्राहक त्यालाच जास्त पैसे मोजतात. पण नंबरावर भाळू नका, तोंड, म्हणजे नक्षी असलेलं टोक, तपासा.

मुलामा उडून गंज दिसतोय? ओल्या चामड्यातलं टॅनिन, म्हणजे कमावताना मुरलेलं तुरट द्रव्य, लोखंडाला लागलं की चामड्यावर काळा डाग पडतो. ताजा असेल तर लिंबाच्या रसाने फिकटतो.

चाचणीला वनस्पतीजन्य टॅनिनने कमावलेलं, ३ मिमीच्या आसपासचं चामडं घ्या. कोल्हापुरीचं याच जातीचं. क्रोम क्षारांनी कमावलेलं नको, त्यावर ठसा टिकत नाही. स्पंजने ओलं करा आणि मूळ रंग परतू लागेपर्यंत थांबा. फार ओलं असताना मारलं तर ठसा पसरट, मऊ उठतो. खाली दगडी फरशी ठेवा, मोगरी लाकडाची किंवा नायलॉनची घ्या, लोखंडी हातोडी नको.

एक्स ठशाचे चार ठोके एका ओळीत, टोकाला टोक जुळवून मारा. दांडा सरळ धरूनही ओळ तिरकी सरकली तर तोंडच वाकडं आहे, तो ठसा सोडा. नवाच हवा असेल तर वायोमिंगमधल्या शेरिडनच्या बॅरी किंगचे ठसे बघा. महाग पडतात, पण छाप स्वच्छ येते.