खुल्या शैक्षणिक साहित्याचं धोरण: नियम कागदावर, आकडे शीटवर

शाळांसाठी असं धोरण लिहिताना पहिला घोळ 'खुलं' या शब्दाचाच होतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण फुकट म्हणजे खुलं नव्हे. बदलायची, छापायची आणि पुन्हा वाटायची लेखी परवानगी ज्यावर आहे, ते खुलं. माशांवरची कृतिपत्रिका मालवणात वापरायची तर 'सुरमई' खोडून 'इसवण' लिहावंसं वाटणारच. परवान्यात 'एनडी' (बदललेली प्रत वाटायला मनाई) असेल तर तेवढा बदल करूनही ती वाटता येत नाही. म्हणून संस्थेच्या साहित्यासाठी एकच परवाना ठरवा. 'सीसी बाय-एसए ४.०' बहुतेकांना पुरतो: हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, मूळ लेखकाचं नाव द्या आणि बदललेलं साहित्यही याच परवान्यावर वाटा, एवढंच तो सांगतो. 'बाय-एसए' आणि 'बाय-एनसी-एसए' ('एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको) यांचं साहित्य मिसळून एक पुस्तिका मात्र करू नका, दोघांच्या अटी जुळत नाहीत.

त्याआधी हक्क कोणाचा ते बघा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नेमणूक करणाऱ्याचा असतो. म्हणजे शिक्षकाची सही पुरेशी नाही. संस्थेचा ठराव हवा.

आता आकडे. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातली माहिती त्या शैक्षणिक वर्षाची असते, आजची नव्हे. तिच्यावरून पाया घाला, पुढचं गुगल फॉर्मवर घ्या, उत्तरं गुगल शीटमध्ये जमा होतील. प्रश्न पाचच ठेवा: शाळेचा यू-डायस क्रमांक, चालू स्थितीतली उपकरणं, या आठवड्यात नेट किती दिवस होतं, कोणतं साहित्य वापरलं, काय अडलं. क्रमांकाचा आग्रह धराच. भंडारवाडी कोकणात गावोगाव आहे आणि 'जि.प. शाळा', 'जि. प. शाळा', 'जिप शाळा' या शीटला तीन शाळा वाटतात. ११ अंकी क्रमांकाचा रकाना 'साधा मजकूर' करा आणि उत्तर ११ अंकांचंच असावं अशी अट फॉर्ममध्येच घाला. रत्नागिरीचे क्रमांक २७३२ने सुरू होतात, सिंधुदुर्गाचे २७३३ने. चुकलेला क्रमांक लगेच डोळ्यात भरतो.

धोरणाच्या मजकुरात आकडा लिहू नका. 'आमच्या ४० टक्के शाळांत नेट नाही' हे वाक्य पीडीएफमध्ये गेलं की तिथेच गोठतं. त्याऐवजी नियम लिहा: 'केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) एक तृतीयांशाहून जास्त शाळांत आठवड्यातले तीन दिवस नेट नसेल, तर नवं साहित्य पेनड्राइव्हवर आणि छापील प्रतीतही द्यावं.' आकडा शीटवर राहील. कागदावर तिचा क्यूआर कोड आणि 'स्थिती दिनांक' एवढंच. एक तृतीयांश हे उदाहरण आहे, तुमचा उंबरठा छपाईचा खर्च बघून ठरवा.

शीट वेबवर प्रकाशित करताना फक्त गोषवाऱ्याचं पान निवडा. पूर्ण फाईल प्रकाशित केली की तिच्यात मुख्याध्यापकांचे मोबाईल नंबर असतील तर तेही जगजाहीर होतात. ही चूक फार होते.

वाचतानाही जपा. जुलैत वापर घसरला म्हणजे साहित्य नकोसं झालं असं नाही. वीज नसते, नेट नसतं. गणपतीच्या सुट्टीतही आकडा पडतोच. तुलना मागच्या महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आणि न भरलेला फॉर्म शून्य धरू नका, पण सोडूनही देऊ नका: नेट नसलेली शाळाच फॉर्म भरत नाही, त्यामुळे ती सोडली तर सरासरी उगाच गोजिरी दिसते. अशा शाळांचा रकाना 'माहिती नाही' म्हणून वेगळा मोजा आणि दोन आठवडे रिकामा राहिला तर केंद्रप्रमुखांनी फोनवरून भरून घ्यावा, हेही धोरणातच लिहा.