'गैरवर्तन' लिहिताना या चुका टाळा

तक्रारअर्जात, 'कारणे दाखवा' नोटिशीत किंवा चौकशी अहवालात 'गैरवर्तन' हा शब्द आला की त्यावर कोणाची तरी नोकरी, निदान नावलौकिक, अवलंबून असतो. तरीही तो फार सैलपणे वापरला जातो. पदाला, लागू असलेल्या नियमांना किंवा सभ्यतेला सोडून केलेले वागणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

सर्वांत जास्त गल्लत होते ती 'गैरव्यवहार' या शब्दाशी. हिंदीत 'व्यवहार' म्हणजे वागणूक. मराठीत मात्र व्यवहार म्हटले की बहुधा देणेघेणे डोळ्यांपुढे येते. त्यामुळे 'कारकुनाने अर्जदाराशी गैरव्यवहार केला' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला लाच किंवा अफरातफर सुचते आणि जो केवळ उद्धटपणे बोलला त्याच्या माथी पैशांचा गुन्हा बसतो. हिंदीतूनच आलेला 'दुर्व्यवहार'ही मला येथे अनावश्यक वाटतो.

याहून गंभीर चूक म्हणजे मोठ्या कृत्यावर या शब्दाचे पांघरूण घालणे. 'महिलेशी गैरवर्तन' एवढेच लिहिले, तर शिवीगाळ झाली, वाट अडवली की अंगाला हात लावला, हे कळत नाही, आणि जिने सोसले तिच्यावर तो अन्यायच होतो. विनयभंग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 खालचा गुन्हा आहे (1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम 354 लागू होते), तर कामाच्या ठिकाणच्या प्रकारांसाठी 2013 च्या कायद्यात 'लैंगिक छळ' ही संज्ञा आहे. म्हणून तक्रारीत आधी प्रत्यक्ष कृती, उच्चारलेले शब्द, दिनांक आणि ठिकाण लिहावे. त्या कृतीला नाव नंतर द्यावे.

उलट बाजूने, कामातील प्रत्येक उणिवेलाही हे लेबल लावू नये. भारत सरकार विरुद्ध जे. अहमद या 1979 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कार्यक्षमतेचा अभाव किंवा अपेक्षित उंची न गाठणे म्हणजे आपोआप गैरवर्तन नव्हे. मात्र निष्काळजीपणाचे परिणाम फार गंभीर असतील, तर तो गैरवर्तनात मोडू शकतो. उशिरा आलेल्या माणसाबद्दल 'वारंवार उशिरा येतात' असे तारखांसह लिहिणे अधिक प्रामाणिक आहे.

चौकशी पूर्ण होण्याआधी 'गैरवर्तन केले' असे न लिहिता 'गैरवर्तनाचा आरोप आहे' असे लिहावे.

व्याकरणाच्या चुका थोड्या आहेत, पण त्या सतत दिसतात. 'गैरवर्तन' नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'गैरवर्तन केले'. 'गैरवर्तणूक' स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'गैरवर्तणूक केली'. विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो आणि 'गैरवर्तणुकीची' असे लिहावे लागते, 'गैरवर्तणूकीची' नव्हे. 'गैर वर्तन' असे तोडूनही लिहू नये. 'तो गैर वागला' या वाक्यात मात्र 'गैर' स्वतंत्रच राहतो.