नेट गेलं तरी ऑफिसची फाइल उघडेल

घरून काम करताना नेट जातं आणि वनड्राइव्हमधली फाइल उघडतच नाही. नावापुढे निळा ढग असेल तर ती लॅपटॉपवर फक्त दिसते, असते क्लाउडवर.

१. चालू कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा.
२. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक येईपर्यंत लॅपटॉप बंद करू नका. नुसत्या हिरव्या कडेची टिक भरवशाची नाही. स्टोरेज सेन्स (विंडोजची आपोआप जागा मोकळी करणारी सोय) चालू असेल तर न उघडलेली फाइल पुन्हा ढगात जाऊ शकते.
३. वाय-फाय बंद करून एखादी फाइल उघडून बघा.

जागा कमी पडली तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' वापरा; फाइल लॅपटॉपवरून हटते, क्लाउडवर राहते. फाइल डिलीट केलीत तर क्लाउडवरूनही जाते, आणि फोल्डर शेअर केलेला असेल तर सगळ्यांचीच.