ऊसतोडीत रानमांजराची पिल्लं सापडली तर

उसाचा फड म्हणजे रानमांजरीला आयतं बाळंतघर. दाट सावली, उंदीर मुबलक आणि तोडणीपर्यंत माणूस क्वचितच आत शिरतो. टोळीचे कोयते चालू झाले की आई निसटते, पाचटात पिल्लं उघडी पडतात आणि कोणीतरी ‘बिचारी अनाथ’ म्हणून ती घरी नेतं. खरं तर आई शेजारच्या उसात अंधार पडायची वाट बघत असते. म्हणून पिल्लं सापडली तीच जागा जपायची.

आधी ओळख पटवा. रानमांजराच्या (काही भागात बाऊल म्हणतात) लहान पिल्लांच्या अंगावर पट्टे-ठिपके असतात, ते वाढत्या वयात फिके पडतात. वाघाटी ही रानमांजराहून लहान, वेगळी रानटी मांजर; तिचं पिल्लू अगदी चिमुकलं, तांबूस ठिपक्यांचं; पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा दीड किलोच्या आसपासच भरते. दोन्ही पिल्लांना लोक बिबट्याचे बछडे समजतात. बछड्याचं डोकं मोठं, पंजे जाड आणि ठिपके दाट असतात. खात्री नसेल तर बिबट्याच धरून चाला आणि लगेच सगळ्यांना फडाबाहेर काढा. मादी बिबट्या जवळपास असेल तर धोका खरा असतो.

मग वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. रानमांजर आणि वाघाटी दोन्हींना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पिल्लू पाळणं हा गुन्हाच ठरतो.

रानमांजराची किंवा वाघाटीचीच आहेत हे नक्की असेल, तर पिल्लांच्या चारी बाजूंनी दहा-बारा सऱ्या उभ्या ठेवा, पण एक कड पुढच्या उसाशी किंवा ओढ्याच्या झाडीशी जोडलेली राहू द्या. उघड्या रानातून आई यायला कचरते. बाकीचा फड खुशाल तोडा. मुकादम कुरकुर करतोच. तेवढा तुकडा दुसऱ्या दिवशीच्या खेपेत जातो.

पिल्लं आधीच कोणी उचलली असतील तर त्याच दिवशी परत आणा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. हातमोजे घालायचे ते आपल्याला चावे-ओरखडे बसू नयेत म्हणून. टोमॅटोचा प्लास्टिक क्रेट घ्या, तळाला कोरडं पाचट पसरा आणि दिवसभर सावलीत ठेवा. पिल्लांना कड चढता येत नाही, आई मात्र सहज उडी मारून एकेक मानगुटीला धरून नेते. सूर्यास्ताच्या सुमारास क्रेट मूळ जागी, झाकण न लावता ठेवा.

गाईचं दूध पाजू नका. त्याने जुलाब लागतात आणि गारठलेल्या पिल्लाला जबरदस्तीने पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. अंग गार लागत असेल तर बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. जखम किंवा अळ्या दिसल्या तर वनविभागामार्फत पशुवैद्यकाकडेच पाठवा. घरच्या मांजराजवळ ठेवू नका, रोग लागतात.

रात्री सगळ्यात मोठी अडचण कुत्र्यांची. वस्तीवरची कुत्री बांधून ठेवा. अंधार पडेपर्यंत एकाने शंभरेक पावलांवरून, वारा पिल्लांकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसून नजर ठेवावी, मग निघून जावं. बॅटरी, मोबाइल, गावातली पोरं, काहीच नको. वनविभागाने कॅमेरा लावला तर सकाळी तोच सांगेल. आई कधी एकच पिल्लू नेते आणि दुसरं पुढच्या रात्री. म्हणून पहाटे एखादं उरलेलं दिसलं तर घाई करू नका, वनरक्षकाला विचारून आणखी एक रात्र द्या.

पुढच्या हंगामात फड एका बाजूनेच तोडत न्या. चारी बाजूंनी घेरत आत गेलात तर जनावराला बाहेर पडायला वाट राहत नाही. पेटवून तोडलेल्या उसात तर डोळे न उघडलेली पिल्लं जागीच मरतात. बांधावर उंदरांचं औषध टाकत असाल तर मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा, कारण रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं आणि तेच विष त्याच्या पोटात जातं.