ठाण्या-नवी मुंबईत सेडम: उन्हापेक्षा पावसापासून जपा

सेडम हे जाड, पाणी साठवणाऱ्या पानांचं छोटं झाड पाण्यावाचून सहसा मरत नाही. आपल्याकडे ते मरतं जून ते सप्टेंबरमध्ये, मुळाशी पाणी साचल्याने. म्हणून आधी वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. दोन भाग माती, दोन भाग जाडी वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, एक भाग कुजलेलं शेणखत. खत यापेक्षा जास्त नको, फांद्या लुसलुशीत होऊन लोळतात.

लागवड पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, निदान पाच-सहा तास ऊन मिळेल तिथे. दोन-तीन इंचांचे शेंडे खुडा, खालची पानं काढा, दोन दिवस सावलीत सुकवा. कापलेली जागा सुकली की सहा-सहा इंचांवर खोचा. पहिलं पाणी चार दिवसांनी; मूळ धरल्यावर मात्र माती पूर्ण कोरडी झाली की मगच पाणी.

पावसाळ्यात बुंधा काळा, पिचपिचीत दिसला तर पाणी घालून किंवा औषध फवारून उपयोग नाही. वरचा टणक, हिरवा भाग कापून पुन्हा सुकवून लावा. दर पावसाळ्याआधी एक कुंडी भरून शेंडे पत्र्याखाली, उजेडात ठेवाच. वाफा गेला तरी पुन्हा लावायला शेंडे हाताशी राहतात.