बुग्यालातला चकवा : उंचावरची आमरी ओळखताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी उत्तराखंडातल्या एका बुग्यालात, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणात, पोहोचलो आणि पहिल्याच दिवशी वहीत ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'डॅक्टिलोऱ्हायझा हटागिरिया'. म्हणजे आपला सालमपंजा, एक आमरी (ऑर्किड). जांभळट गुलाबी तुरा होता, लांबट पानं होती. त्यात पायवाटेची कड ढासळून एका झाडाचे कंद उघडे पडले होते, तेही बोटं फुटल्यासारखे. आणखी काय हवं?

संध्याकाळी सरांनी ते फूल भिंगाखाली धरलं. "बोटं पाहिलीस, पण फुलात डोकावलास का?" मी गप्प. ती निघाली जिम्नाडेनिया ऑर्किडिस.

पंजासारखे कंद दोघींनाही असतात. गंमत म्हणजे फरक नावातच सांगून ठेवलाय. जिम्नाडेनिया म्हणजे 'उघडी ग्रंथी'. या दोन्ही ऑर्किडचे परागकण सुटे नसतात, त्यांचे दोन पुंज असतात आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक चिकट चकती. डॅक्टिलोऱ्हायझात या दोन्ही चकत्या एका इवल्याशा पिशवीत झाकलेल्या असतात, जिम्नाडेनियात त्या उघड्या. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग यासाठी पुरतं. मात्र वाऱ्यात हात स्थिर ठेवायला चार दिवस सराव लागतो.

टोकदार पेन्सिल हळूच फुलाच्या तोंडात घातली की पुंज तिला चिकटून बाहेर येतात. आधी ताठ उभे असतात, मग साधारण अर्ध्या मिनिटात पुढे वाकतात. म्हणजे कीटक पुढच्या फुलात शिरेपर्यंत ते नेमके तिथल्या कुक्षीवर (पराग स्वीकारणाऱ्या भागावर) टेकतील अशा बेतानं. ऑर्किडमधली ही हालचाल डार्विननं १८६२ साली नोंदवली होती. एकाच फुलावर करून बघा, सगळा तुरा नासवू नका.

दुसरी खूण शुंडिकेची, म्हणजे फुलामागच्या शेपटीची. सालमपंजात ती जाडसर, जिम्नाडेनियात बारीक, वाकलेली आणि अंडाशयाहून लांब. पण नवखी मंडळी फोटो काढतात तो समोरून! एक फोटो बाजूनं हवाच. आणि फ्रेममध्ये दांडा येऊ द्या. बहुतेक ऑर्किडची फुलं उमलताना अर्धा वेढा घेतात, म्हणून ओठ, म्हणजे सगळ्यांत वेगळी दिसणारी पाकळी, खाली येतो. सॅटिरियम नेपालेन्स मात्र वळत नाही. तिचा ओठ वर टोपीसारखा असतो आणि शेपट्या दोन. दांडा कापलेल्या फोटोत वर-खाली काहीच कळत नाही.

रंगावर माझा आता फारसा भरवसा नाही. नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये घातलं की फूल तपकिरी होतं. हर्बेरियममधले (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले) जुने नमुने पाहिलेत तर पटेल. रंग त्याच दिवशी, जागेवरच लिहायचा. दोन-तीन फुलं सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवली तर फुलाची ठेवण नंतरही तपासता येते.

नावांचा गोंधळ सुरुवातीला डोकं उठवतो. वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डॉननं १८२५ मध्ये सालमपंजाला ऑर्किस हटागिरिया म्हटलं, १९६२ मध्ये शो या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला डॅक्टिलोऱ्हायझात नेलं. पुढे डीएनएच्या आधारे हिरवट फुलांची सीलोग्लॉसम व्हिरिडीसुद्धा याच प्रजातीत (जीनसमध्ये) आणली गेली. दिसायला दोघींचा काडीचा संबंध वाटत नाही. जुन्या कागदांवर जुनीच नावं असतात, तेव्हा वहीत प्रत्येक जातीपुढे समनामांसाठी जागा सोडा.

आणि कंद उपटू नका. औषधासाठी सालमपंजा इतका खणला गेलाय की कित्येक उतारांवर तो शोधावा लागतो. ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आहेत, आणि नमुना घ्यायचा तर वनखात्याची परवानगी आधी हातात हवी. परवानगी असली तरी ओळखीला तुरा आणि एखादं पान बहुतेकदा पुरतं. फोटो सर्वांसाठी टाकताना नेमकी जागा लपवा, खणणारेही फोटो बघतात.

खरा सालमपंजा तिसऱ्या दिवशी भेटला, ओढ्याकाठच्या ओलीत. फुलांहून लांब सहपत्रं (फुलाच्या बुडाशी असणारी छोटी पानं) तुऱ्यातून बाहेर आलेली, ओठावर गडद ठिपके. तरी वही उघडली नाही. गुडघे चिखलात टेकले, पेन्सिल आत घातली आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजायला लागलो.